शेऱ्याचा रकाना

साताऱ्यात, जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर आहे.
आधी इथे झाडू, बादल्या आणि मतपेट्या असायच्या.
आता एक काळं कपाट रात्रंदिवस घुमतं
आणि त्याच्या बाजूला एसी,
मार्चपासून ठिबकणारा.
खाली मी कंदी पेढ्यांचा रिकामा डबा ठेवलाय.
भरला की ओतते. हेही माझंच काम,
करारपत्रात लिहायचं राहिलं इतकंच.

दारावर पाटी : खुला डेटा.
दाराला कुलूप.
एक किल्ली माझ्याकडे, एक शिपाई निवृत्ती लोहारांकडे.

घरी विचारतात, नक्की करतेस काय?
बघत बसते, सांगते.
डिस्क भरत आली का,
प्रमाणपत्राची मुदत संपतेय का,
रात्री दोनचा बॅकअप निघाला आणि पोचला का.
ज्या दिवशी सगळं नीट चालतं त्या दिवशी
मी काही केलं असं कुणालाच वाटत नाही.
मलाही.

गेल्या महिन्यात विहिरी चढवल्या.
माण, खटाव, कोरेगाव,
चार हजार एकशे बारा ओळी.
गाव, गट नंबर, खोली, पाणी, शेरा.
डाउनलोड : तीन.
त्यातले दोन माझेच, चालतंय का पाहायला.

तिसऱ्याचा फोन आला.
"बाबालाल मुलाणी बोलतोय, दहिवडीवरनं.
नातवानं मोबाइलवर दावलं.
पोरी, त्या हिरी मी मोजल्यात.
सायकलला दोर, दोराला लोखंडाचा गट्टू,
हाता-हातावर गाठ.
वाघजाई मळ्यातल्या हिरीला तू शून्य लिवलंयस.
म्या न्हाई लिवलं.
तिथं म्या गेलोच नव्हतो. चाक पंक्चर झालतं."

म्हटलं, काका, जागा रिकामी असली
की मशीन शून्य धरतं.
(मशीन कसलं. ती ओळ मीच लिहिली होती,
शुक्रवारी संध्याकाळी, एसटी गाठायच्या घाईत.)

पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"शून्य म्हंजे दोर तळाला टेकला
आन् कोरडा वर आला.
रिकामं म्हंजे माणूसच पोचला न्हाई.
मशीनला सांग."

मग निवृत्तीमामांनी रेकॉर्ड रूममधून
लाल फडक्यातली बासनं काढून दिली.
अकरा रात्री. मी वाचायची, ते पान धरायचे.
सहाशे अकरा शून्यं,
त्यातली चारशे दोन माझी.
उरली दोनशे नऊ,
तेवढ्या वेळा तो दोर खरंच कोरडा वर आला होता.
प्रत्येकापुढे शाईचा गोल,
नीट, सावकाश काढलेला.

आणि शेऱ्याचा रकाना.
तो मी चढवलाच नव्हता.
कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला,
उघडला की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.
कचरा समजून बाजूला ठेवला होता.
आता अक्षर-अक्षर बदलून घेतला,
कुठे वेलांटी उलटी, कुठे रफार हरवलेला.

पाणी गोड.
दोर कमी पडला.
बाया पाणी भरत होत्या, थांबलो.
मालक मोजू देईना.
मालकाच्या आईने मोजू दिले.
कासव आहे.
येथे चहा मिळाला.

पोर्टल चाळीस मिनिटं बंद ठेवलं.
कुणाचाही फोन आला नाही.
बदलांच्या नोंदीत लिहिलं :
आवृत्ती दोन. न मोजलेल्या विहिरी पुन्हा रिकाम्या केल्या.
साहेब म्हणतील, आकडे कमी कसे झाले?
म्हणू देत.

बॅकअप दोनला निघाला. दोन सतराला पोचला.
डाउनलोड : चार. चौथा माझा नाही.

निघताना डब्यात बोट बुडवून पाहिलं.
पाणी, दोन पेरं.
शेरा : एसी अजून दुरुस्त नाही.